दिवा मंदावतो तेव्हा इन्सुलिनचे काय?

सेनगाव तालुक्यात हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी देण्याचे दिवस आले की घरातील पंखाच त्याची वर्दी देतो. तो रेंगाळू लागतो, दिवे लुकलुकतात आणि फ्रीज नुसता घुमत राहतो. ही चर्चा बहुधा जळालेल्या टीव्हीपाशी थांबते. ज्या घरात मधुमेहाचा अथवा दम्याचा रुग्ण आहे, तेथे मात्र हा प्रश्न थेट औषधोपचाराचा असतो.

घरगुती विजेचा नियत दाब २३० व्होल्ट. पंपाची मोटार सुरू होताना काही क्षण नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. पंपाला ऑटो स्विच लावलेला असेल तर वीज येताच एका डीपीवरील साऱ्या मोटारी एकदम जाग्या होतात आणि दाब कोसळतो. ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा, असे आवाहन महावितरण वारंवार करते, ते यासाठीच. गावठाणाचे फीडर वेगळे झाले तेथे त्रास कमी होतो. पण आखाड्यावर राहणाऱ्या कुटुंबाचा दिवा बहुधा शेतीच्याच वाहिनीवर असतो.

दाब फार उतरला की फ्रीजचा कॉम्प्रेसर फिरू शकत नाही. तो प्रवाह मात्र अधिक ओढतो, तापतो आणि पुनःपुन्हा बंद पडतो. आतला दिवा लागलेला दिसतो, म्हणून फ्रीज चालू आहे असा घरच्यांचा समज होतो! न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात राहावे लागते. यासाठी फ्रीजमध्ये एक साधा तापमापक ठेवावा. दिव्यापेक्षा त्याची साक्ष खरी. स्टॅबिलायझर घेताना, वीज परतल्यावर कॉम्प्रेसर दोन-तीन मिनिटे थांबवून सुरू करणारा निवडावा.

वापरात असलेली कुपी साधारणतः चार आठवडे फ्रीजबाहेर चालते, मात्र मर्यादा बहुधा २५ ते ३० अंशांची; नेमका आकडा वेष्टनातील पत्रकात असतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा ओल्या वाळूत बसवलेले मातीचे मडके उपयोगी पडते. केनियातील निर्वासित छावणीच्या तापमानाचा आधार घेऊन डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स आणि जिनिव्हा विद्यापीठ यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, २५ ते ३७ अंशांत चार आठवडे इन्सुलिनची गुणवत्ता टिकल्याचे आढळले. म्हणून घाबरून कुपी फ्रीजरमध्ये मात्र ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन निकामी ठरते. बिघडलेले औषध दिसायला स्वच्छही असू शकते. साखर कारणाविना चढू लागली तर डॉक्टरांना फ्रीजची हकीकतही सांगावी.

दम्याच्या रुग्णाकडे नेब्युलायझरसोबत विजेविना चालणारा इनहेलर व स्पेसर असावा. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असलेल्या घरी भरलेले सिलिंडर हवेच.

दाब चढणे अधिक घातक. डीपीकडून येणारी न्यूट्रल तार तुटली की एका घराचा दाब शंभराकडे उतरतो, तर शेजारच्या घराचा चारशेजवळ झेपावतो. साधा स्टॅबिलायझर तेथे पुरा पडत नाही. दिवे अचानक प्रखर झाले, पंखा सुसाट फिरू लागला, तर कोरड्या हाताने मेन स्विच तत्काळ बंद करावा, १९१२ वर तक्रार नोंदवावी आणि वायरमनने दाब मोजून दाखवेपर्यंत तो सुरू करू नये.