काचेच्या कापडातलं लाकूड

गोव्यात मांडवीच्या पात्रातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांचं ‘अ‍ॅक्वेरियस’ हे नौकाबांधणीचं आवार आहे. इथे बांधलेली 56 फुटी शिडाची नौका ‘म्हादेई’ फेब्रुवारी 2009 मध्ये नौदलात दाखल झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कमांडर दिलीप दोंदे तिला घेऊन एकट्याने जगप्रदक्षिणेला निघाले आणि मे 2010 मध्ये मुंबईला परतले. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीला फेरी घालणारे ते पहिले भारतीय. पुढे अभिलाष टॉमी यांनी 2012-13 मध्ये याच नौकेवरून कुठेही न थांबता प्रदक्षिणा पूर्ण केली. या साऱ्यामागे आग्रह होता व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांचा. या माणसांचं कौतुक झालं, ते रास्तच होतं. नौकेच्या अंगाबद्दल मात्र फारसं कुणी बोललं नाही. दक्षिण महासागराच्या लाटा झेलणारं ते अंग सिडरच्या लाकडी पट्ट्यांचं होतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना इपॉक्सी या रेझिनमध्ये भिजवलेलं काचेचं कापड होतं.

हीच रीत दहा फुटांच्या होडीलाही लागू पडते. किंबहुना ती रुजली छोट्या होड्यांतूनच.

लाकूड पाण्याने कुजतं असं आपण सहज म्हणून जातो. खरं नुकसान करते ती ओल आणि सुकणं यांची ये-जा. पाणी शिरलं की लाकूड फुगतं, उन्हात आकसतं, सांधे हलतात, खिळ्यांभोवती फट पडते. ओलावा वीस टक्क्यांच्या वर राहिला की बुरशीला जागा मिळते. पूर्वीचे कारागीर ही ये-जा गृहीत धरूनच बांधत. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासायचा, दर हंगामाला होडी ओढून डागडुजी करायची. अमेरिकेत मिशिगनमधल्या बे सिटी गावच्या गूजन बंधूंनी वेगळा विचार केला: लाकूड आधी नीट वाळवायचं आणि मग सगळ्या बाजूंनी इपॉक्सीने बंद करून टाकायचं, म्हणजे ओलीची ये-जाच थांबते. 1970 साली त्यांनी ‘अडाजिओ’ ही 35 फुटी, तीन अंगांची नौका याच पद्धतीने उभी केली. तिचे सांधे इपॉक्सीनेच धरलेले होते. ती पुढे कित्येक दशकं शर्यतींत उतरत राहिली.

त्याआधी 1963 मध्ये इंग्लंडात ‘मिरर’ नावाची होडी आली होती. ‘डेली मिरर’ या वृत्तपत्राच्या पाठबळावर जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी ती आखली. प्लायचे तुकडे आकारात कापायचे, कडांना भोकं पाडून तांब्याच्या तारेने टाके घालायचे आणि सांध्यावर काचेची फीत रेझिनने चिकटवायची. सुतारकाम न शिकलेल्या माणसालाही घरच्या घरी होडी बांधता यावी, हा हेतू होता. अशा सत्तर हजारांहून अधिक होड्या झाल्या. आपल्या किनाऱ्यावर काथ्याने फळ्या शिवून जहाजं बांधण्याची परंपरा फार जुनी. त्या पद्धतीने गोव्यात बांधलेली ‘कौंडिण्य’ 2025 च्या मे महिन्यात कारवारला नौदलात दाखल झाली. शिवणीने होडी जोडण्याची कल्पना आपल्याकडे परकी मुळीच नाही.

आता प्रत्यक्ष काम. तारांनी शिवलेल्या होडीच्या आतल्या कोपऱ्यांत आधी इपॉक्सीचं सारण भरतात. रेझिन आणि ते घट्ट करणारा हार्डनर मिसळून झाल्यावरच त्यात लाकडाचा बारीक भुसा आणि सिलिकाची भुकटी घालतात. ते श्रीखंडाइतकं घट्ट झालं पाहिजे, उभ्या फळीवरून ओघळता कामा नये. गोल टोकाच्या पट्टीने ते कोपऱ्यात दाबून गोलाई दिली की त्यावर काचेची फीत बसते. बाहेरच्या कडा रंध्याने गोल करून घ्यायच्या, कारण काचेचं कापड तीक्ष्ण कडेवरून वळत नाही. ते उचललं जातं आणि खाली हवा राहते.

मग कापड. छोट्या होडीला चौरस मीटरला सुमारे 200 ग्रॅम वजनाचं विणलेलं कापड पुरतं. ते कोरडंच होडीवर पसरून हाताने सुरकुत्या काढतात. तोवर ते पांढरंशुभ्र दिसतं. मधोमध रेझिन ओतून रबरी पट्टीने कडांकडे ओढू लागलं की कापड डोळ्यांदेखत नाहीसं होतं आणि लाकडाचे रेषे उजळून वर येतात. काच आणि इपॉक्सी यांच्यातून प्रकाश जवळजवळ सारखाच वळतो, म्हणून धागे दिसेनासे होतात. हीच कारागिराची परीक्षाही आहे. पांढरा ठिपका उरला तर तिथे रेझिन पोचलेलं नाही. चकचकीत डबकं दिसलं तर तिथे कापड लाकडावरून तरंगतं आहे. जास्तीचं रेझिन काढूनच टाकावं, त्याने वजन वाढतं, ताकद नाही. विणीचा पोत झाकायला नंतर आणखी दोन हात देतात. तेही आधीचा थर चिकट असतानाच दिले तर एकजीव होतात.

या कामात अंदाजाला जागा नाही. पॉलिएस्टरच्या रेझिनमध्ये उत्प्रेरक थोडा कमी-जास्त करून वेग बदलता येतो. तीच सवय इपॉक्सीला लावली तर काम वाया जातं. गूजन बंधूंच्या नेहमीच्या रेझिनला त्याच्या नेहमीच्या हार्डनरचा पाच भागांना एक भाग लागतो, म्हणजे लागतोच. जास्त घातल्याने ते लवकर सुकत नाही, कायमचं मऊ राहतं. वेग हवा तर वेगळा हार्डनर घ्यायचा. कोकणातल्या उन्हाळ्यात संथ हार्डनरच बरा. मिश्रण खोल डब्यात ठेवलं तर स्वतःच्या उष्णतेने तापतं, धूरसुद्धा येतो. म्हणून ते लगेच पसरट ट्रेमध्ये ओतावं. दमट हवेत सुकलेल्या थरावर मेणचट पापुद्रा येतो. तो पाण्याने धुऊन, मगच पॉलिश पेपर मारावा. न धुता घासलं तर तो मेणचटपणा थरात रगडला जातो आणि पुढचा हात धरत नाही.

आपल्या बंदरांवर ‘फायबर मारलं’ असं सर्रास ऐकू येतं. बहुतेक वेळा ते पॉलिएस्टर असतं. साच्यातून पूर्ण फायबरची होडी काढायला ते उत्तम आणि स्वस्त आहे. लाकडावर मात्र त्याची पकड कच्ची. ते सुकताना आकसतं, लाकूड हललं की सुटतं आणि मधल्या फटीत पाणी साठून आतली फळी गुपचूप कुजते. इपॉक्सी कितीतरी महाग पडतं, तरी लाकडासाठी तो खर्च योग्यच आहे. खर्चाला घाबरून फक्त बाहेरून थर देणं सर्वांत वाईट, कारण आतून शिरलेली ओल बाहेर पडायला वाट उरत नाही. हाच धोका स्क्रूच्या भोकांत असतो. भोक मोठं पाडून इपॉक्सीने भरायचं आणि त्यातच पुन्हा बारीक भोक घ्यायचं, ही अर्ध्या तासाची मेहनत होडीला वर्षानुवर्षं वाचवते.

ऊन हा इपॉक्सीचा शत्रू. नुसतं ठेवलं तर ते पिवळं पडून भुसभुशीत होतं. म्हणून वरून रंग किंवा अतिनील किरण अडवणारं व्हार्निश हवंच.

होडी बांधायचं मनात असेल त्याने पहिली खरेदी रेझिनची करू नये. आधी हातमोजे घ्यावेत, आणि घासताना नाकावर चांगला मास्क. इपॉक्सी वारंवार कातडीला लागलं तर अ‍ॅलर्जी येते, आणि एकदा आली की सहसा जात नाही. मग हे काम कायमचं सोडावं लागतं.