दवाखान्याची पाटी लावण्याआधी

गिरगावातल्या चाळीत तळमजल्यावर वर्षानुवर्षे चाललेला दवाखाना एक दिवस बंद होतो. डॉक्टर थकलेले, मुले परदेशात. ती खोली घ्यायला एखादा तरुण डॉक्टर पुढे येतो. आमच्या सरकारी रुग्णालयातून एमडी होऊन बाहेर पडणारी मुले हल्ली यंत्रांपेक्षा जागेबद्दलच जास्त विचारतात. मी त्यांना सांगतो, आधी भाडेपावती कोणाच्या नावावर आहे ते बघ.

या भागातल्या जुन्या खोल्या बहुतेक पागडीच्या. पागडी म्हणजे बेकायदा व्यवहार, हा समज अजून गेलेला नाही. प्रत्यक्षात 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने भाडेहक्क सोडण्यासाठी वा दुसऱ्याला देण्यासाठी मोबदला घेणे कायदेशीर केले. अडचण वेगळीच असते. मालकाच्या लेखी संमतीशिवाय खोली घेतली, तर ती खाली करून घ्यायला त्याला कारण मिळते. राहती खोली परस्पर दवाखान्यासाठी वापरणेही याच कायद्यात बसत नाही. लालबाग-परळमध्ये इमारत पुनर्विकासाला गेली की हे कागद बाहेर निघतात, आणि पावती नसलेल्या डॉक्टरचे रुग्ण सकाळी कुलूप बघून परत जातात. लिव्ह अँड लायसन्सवर जागा घेतली असेल तर करार लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, हे बहुतेकांना ठाऊक असते. गोंधळ होतो तो खाटेवरून. नुसते तपासून औषध देणाऱ्या दवाखान्याला 1949 चा नर्सिंग होम कायदा लागत नाही. रुग्ण दाखल करून घेण्यासाठी खाटा टाकल्या की महापालिकेची नोंदणी आली. केंद्राचा 2010 चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. सोनोग्राफी यंत्र आणायचे तर गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली वेगळी नोंदणी, आणि तिथे फॉर्म भरण्यातला निष्काळजीपणाही महागात पडतो.

जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम मात्र एका खोलीच्या दवाखान्यालाही लागू आहेत. खाटा नसतील तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी एकदाच घ्यावी लागते. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, सुई पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात. चाळीच्या कचऱ्यात टाकलेली सुई सफाई कामगाराच्या हातात घुसते, आणि मग त्याला एचआयव्ही, हिपॅटायटिस बीच्या तपासण्यांसाठी आमच्यासारख्या रुग्णालयात खेपा घालाव्या लागतात. या परवानगीला कोणी कटकट म्हटले की मला राग येतो.

कराकडे वळू. व्यवसाय कर वर्षाला 2,500 रुपये. रुग्णसेवेवर जीएसटी नाही. पण नुसते रूप खुलवण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेवर आहे. या माफीला दुसरी बाजू आहे, ती तरुणांच्या लक्षात येत नाही. जागेच्या भाड्यावर किंवा यंत्रावर भरलेला जीएसटी वळता करून मिळत नाही, तो खर्चातच धरावा लागतो.

आयकरात, वर्षाची जमा 50 लाखांपर्यंत असेल तर निम्मी रक्कम उत्पन्न मानून कर भरता येतो. रोखीचा वाटा 5 टक्क्यांच्या आत असेल तर ही मर्यादा 75 लाख. सोय चांगली आहे, पण मग भाडे, नर्सचा पगार वेगळे वजा होत नाहीत. दादरसारख्या ठिकाणी भाड्यानेच निम्म्याहून अधिक जमा खाल्ली, तर वह्या ठेवून, ऑडिट करून खरे उत्पन्न दाखवलेले परवडते. रुग्णांनीही पावती मागायला संकोचू नये. ती देणे डॉक्टरच्याही सोयीचे आहे.

राहिला विमा. फी घेणाऱ्या डॉक्टरची सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच स्पष्ट केले. तेव्हा व्यावसायिक दायित्वाचा विमा पहिल्या रुग्णाआधी घ्यावा. घेताना एवढे विचारावे, की कंपाउंडरच्या वा नर्सच्या हातून झालेली चूक त्यात धरली आहे का.