पेशीतले पाटकरी

पूर्णा नदीवर येलदरीच्या खाली सिद्धेश्वर धरण आहे. धरण भरले तरी कोणत्या चारीला किती पाणी सोडायचे, ते पाटकरी पाहतो. आपल्या शरीराच्या पेशींतही असेच पाटकरी असतात.

पेशीतली बहुतेक कामे प्रथिने करतात. प्रथिन घडविण्याचा निरोप आरएनए नावाचा रेणू नेतो. पण काही आरएनए प्रथिन घडवीतच नाहीत. ते दुसऱ्यांचे निरोप अडवितात. त्यांतला अगदी चिमुकला, सूक्ष्म-आरएनए, १९९३ साली एका कृमीत सापडला. त्या शोधाबद्दल व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस व गॅरी रुव्हकुन यांना २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता कर्करोगाकडे वळू. या रोगाच्या पेशी साखर अधाशासारखी ओढतात आणि प्राणवायू असतानाही तिचे दुग्धाम्ल करतात. हे जर्मनीच्या ओटो वारबुर्ग यांनी १९२० नंतरच्या दशकात दाखविले. पेशीत आलेल्या साखरेला पहिला हात लावते हेक्सोकायनेज नावाचे विकर. 'मिर-१४३' हा सूक्ष्म-आरएनए त्याच्या एका प्रकाराचा निरोप अडवितो. पुष्कळ गाठींत हा पाटकरीच कमी पडतो. मग दार सताड उघडे!

तर मग साखर सोडली की रोग उपाशी मरेल काय? नाही. यकृत स्वतः साखर तयार करते. उपासाने रोगीच खंगतो. पाटकऱ्याला कामावर परत आणणारे औषध अजून प्रयोगशाळेतून रोग्यापर्यंत पोचलेले नाही. तोवर तंबाखू सोडावी, आणि तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही तर डॉक्टरांना दाखवावी. गुरुजनांनी हे मुलांकरवी घरोघर पोचवावे.