राणीछाप रुपयाची पारख

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका आठवडी बाजारात आम्ही गेलो होतो. सोनाराच्या ओट्यावर एक म्हातारी माय बसली होती. समोर रुपयांची माळ. माळेत दहा रुपये, आणि अकरावा तिच्या पदराच्या गाठीत.

"कुणाचे हे रुपये, माय?" आम्ही विचारले.

"माझ्या सासूचे जी. नातीचं लगन आहे. मोडाव लागते."

सोनाराने माळ तागडीत टाकली आणि चांदीचा भाव सांगितला. भाव खोटा नव्हता. पण सगळेच रुपये वजनाने विकायचे नसतात. ही गोष्ट मायला कुणी सांगितली नव्हती. चंद्रपूर-गडचिरोलीकडे पुष्कळ घरांत असे रुपये आहेत. म्हणून त्यांची पारख कशी करावी, ते सांगतो.

रुपयात चांदी किती?

१८३५ साली ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या मुलुखासाठी एकसारखा रुपया काढला. तो यंत्रावर पाडलेला, म्हणून लोक त्याला कलदार म्हणत. वजन बरोबर एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. त्यातले बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. म्हणजे एका रुपयात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी आली. हे माप १९३९ पर्यंत टिकले. दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि चांदी कमी पडू लागली. १९४० पासून रुपयात निम्मीच चांदी राहिली. १९४७ चा वाघाचा रुपया तर निकेलचा, त्यात चांदी नाहीच.

म्हणून पहिले काम साल वाचण्याचे. राजाच्या तोंडाची बाजू उलटी करा, तिथे साल असते. आकडे इंग्रजी आहेत. येत नसतील तर शाळेतल्या पोराला विचारा. त्यात लाज कसली?

जुना म्हणजे दुर्मिळ नव्हे

पुष्कळांना वाटते, जितका जुना रुपया तितकी त्याची किंमत जास्त. तसे नाही. किंमत ठरते ती किती पाडले आणि किती उरले यावर.

१८६२ चा राणीछाप घ्या. दिसायला फार जुना. पण टांकसाळीने पुढे १८७४ पर्यंत रुपयांवर १८६२ हेच साल ठेवले. त्यामुळे ते भरपूर आहेत. १९१८ चा राजाछाप तर कोट्यवधी निघाला. पहिल्या महायुद्धात चांदी इतकी लागली, की अमेरिकेने आपले सुमारे २६ कोटी चांदीचे डॉलर वितळवले आणि ती चांदी हिंदुस्थानासाठी ब्रिटनला विकली.

आता १९११ चा रुपया पहा. पंचम जॉर्ज गादीवर आल्यावर हा निघाला. राजाच्या झग्यावर एक बारीक हत्ती कोरला होता. पण त्याची सोंड इतकी आखूड, की लोकांना तो डुकरासारखा दिसला. हिंदू नाराज, मुसलमानही नाराज. सुमारे ९४ लाख रुपये पाडले होते. त्यातले ७ लाखांच्या आसपास बाहेर गेले, बाकीचे वितळवले. १९१२ पासून हत्तीला नीट सोंड आली. म्हणून १९११ चा रुपया संग्रह करणारे शोधतात. त्याहून दुर्मिळ १९३९ चा. तो फार थोड्या लोकांच्या हाती पडला.

टांकसाळही पहावी. मुंबईच्या पुष्कळ नाण्यांवर बारीक ठिपका असतो. कलकत्त्याच्या नाण्यांवर बहुधा खूण नसते. एकाच सालचे नाणे एका टांकसाळीत भरपूर आणि दुसरीत थोडे, असेही झाले आहे.

प्रत कशी लावावी?

साल तेच, पण नाणे किती चांगले राहिले, यावर त्याची प्रत ठरते. धान्याची प्रत लावतो, तसेच हे. १९४९ साली अमेरिकेत शेल्डन नावाच्या गृहस्थाने १ ते ७० गुणांची रीत काढली. ती आज जगभर चालते. आपल्याला मात्र चार पायऱ्या पुरेत.

पहिली प्रत कोऱ्या नाण्याची. ते बाजारात फिरलेले नसते आणि त्यावर मूळची झळाळी असते. दुसरी उत्तम. यात उंच भाग थोडेच घासलेले असतात. तिसरी मध्यम. चेहरा व साल स्वच्छ दिसते, बारीक नक्षी गेलेली असते. चौथी झिजलेली, नुसती आकृती उरलेली.

झीज आधी उंच भागावर दिसते. राणीच्या रुपयावर कानावरचे केस आणि मुकुटाची टोके पहा. पंचम जॉर्जच्या रुपयावर मुकुट आणि झग्यावरचा हत्ती पहा. नाके डाग दिलेले किंवा भोक पाडलेले नाणे संग्रहाला पडेलच समजा. त्याला वजनाचाच भाव येतो.

आणि बरं का, नाणे घासू नका! राख, चिंच, लिंबू, पॉलिश, काही नको. काळपट रंग हा नाण्याचा दोष नव्हे. घासल्याने बारीक ओरखडे येतात आणि प्रत एकदम उतरते. नाणे कडेने धरावे आणि कोरड्या कापडात वेगळे ठेवावे.

फसू नका

वजन ११.६६ ग्रॅमहून फार कमी असेल, नाणे लोहचुंबकाला चिकटत असेल किंवा कडेवरच्या रेघा सारख्या नसतील, तर संशय घ्यावा. साल कोरून बदललेलेही असते. भिंगातून आकडा पहावा.

"तुमचे नाणे लाखाला घेतो, आधी फी भरा," असे फोनवर कुणी म्हणाले तर एक पैसाही देऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या नावानेही अशी लुबाडणूक झाली. १९२१ नव्हे, अगदी अलीकडे, २०२१ साली, बँकेला जाहीर सांगावे लागले की आमचा या व्यवहाराशी संबंध नाही.

नांगरताना जमिनीत नाण्यांचे मडके लागले तर ते लपवू नये. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचे गुप्तधन सापडल्यास कलेक्टरला लेखी कळवावे लागते. लपवले तर हक्क जातो आणि शिक्षाही होते. कळवले, आणि मालक कुणी निघाला नाही, तर सापडणाऱ्याला कायद्याने वाटा मिळतो.

मायच्या रुपयांचे काय झाले?

माळेतल्या दहाही रुपयांना नाकी लावलेली होती. साले नेहमीचीच. ते वजनाने मोडले, ते बरोबरच झाले. मग मायने पदराची गाठ सोडली. अकरावा रुपया निघाला १९११ चा. झीज थोडी, नाके नाही. पण सकाळी निघताना तिने तो राखेने घासून लखलखीत केला होता.

"चांगला दिसावा म्हणून घासला जी," ती म्हणाली.

घासल्याने किंमत उतरली होती, तरी चांदीच्या भावाहून ती जास्तच होती. आम्ही तिला दोन जाणत्यांना दाखवून मगच विकायला सांगितले. मायने रुपया परत पदरात बांधला. साल कुठे लिहिले आहे, ते मात्र तिने नातीला बोट ठेवून दाखवायला लावले.