मार्च एंड आणि कॉन्फिकर

देवास. मंगळवार, ३१ मार्च २००९.

सकाळी ७

बीएसएनएलच्या पाचशेच्या प्लॅनवर रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड फुकट. देवासातल्या आमच्यासारख्या कॉम्प्युटरवाल्यांची जड कामं त्याच वेळात उरकतात. उठलो तेव्हा विंडोज एक्सपीचा सर्व्हिस पॅक ३ पूर्ण उतरला होता, तीनशे एमबीच्या वर. पण आजची खरी कामाची फाइल एक एमबीसुद्धा नाही. विंडोजमधलं एक भोक बुजवायला मायक्रोसॉफ्टनं २३ ऑक्टोबर २००८ ला घाईघाईनं काढलेला पॅच तो. पाच महिने होऊन गेले तरी असंख्य मशिनांवर तो चढलेला नाही, आणि नेमक्या त्याच भोकातून नोव्हेंबरपासून कॉन्फिकर हा व्हायरस आत येतोय.

दोन्ही फाइली आणि सफाईचं टूल सीडीवर चढवलं. पेन ड्राइव्हवर मुद्दामच नाही. लागण झालेल्या मशिनला पेन ड्राइव्ह लावला की तोही बाटतो; लिहून बंद केलेल्या सीडीला काही होत नाही.

टीव्हीवर कालपासून 'एक एप्रिलला इंटरनेट ठप्प' चाललंय. खरी गोष्ट एवढीच की कॉन्फिकरचा नवा अवतार उद्यापासून रोज पन्नास हजार वेबपत्ते तयार करणार, त्यांतले पाचशे निवडून 'काही हुकूम आहे का' म्हणून विचारणार. आधीचे अवतार रोज अडीचशेच पत्ते काढायचे. तेवढे अडवणं शक्य होतं, म्हणून हा आकडा वाढवला. हुकूम काय येणार, ते कुणालाच ठाऊक नाही.

सकाळी ९

टेकडीच्या खालच्या गल्लीत पहिलं घर. काका बँक नोट प्रेसमधून निवृत्त, मुलगा पुण्याला.

"काही बिघडलेलं नाही हो, छान चालतंय," काका म्हणाले.

हीच तर अडचण. जुने व्हायरस पडद्यावर काहीतरी दाखवायचे, फाइली खायचे, त्यामुळे माणूस स्वतःहून बोलवायचा. कॉन्फिकर काही दाखवत नाही. चालत्या मशिनच्या दुरुस्तीचे दोनशे रुपये कोण देईल?

मी वर्तमानपत्राची साइट उघडली, उघडली. मेल उघडला. मग क्विक हील टाइप केलं. पान नाही. मायक्रोसॉफ्ट, नाही. पुन्हा वर्तमानपत्र, लगेच हजर. आता काकांनी चष्मा लावला.

कॉन्फिकर एक यादी घेऊनच फिरतो. तीत अँटिव्हायरस कंपन्यांची नावं आहेत, त्यांतलं एकही वेबपत्त्यात दिसलं की रस्ता बंद. नॉर्टन, मॅकॅफी, कॅस्परस्की यांच्या रांगेत क्विक हीलसुद्धा आहे. मूळच्या रहिमतपूरच्या, पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या काटकर बंधूंची कंपनी ती. त्या यादीत मराठी माणसाची कंपनी बघून मला तरी बरं वाटलं. काकांना नाही वाटलं.

ऑटोमॅटिक अपडेट बंद होतं. ते कॉन्फिकरही बंद करतो, पण इथे काकांनीच आधी केलं होतं. "चालू ठेवलं तर पडदा काळा होतो म्हणे." अफवा नव्हे, खरंच होतो. विंडोज नकली असेल तर गेल्या वर्षापासून मायक्रोसॉफ्ट डेस्कटॉप काळा करते आणि कोपऱ्यात सूचना टाकते. कॉम्प्युटर असेंबल, विंडोज शंभर रुपयांच्या सीडीतलं, ते घालणारा आमच्याच धंद्यातला. पण सुरक्षेचे पॅच नकली विंडोजलाही ऑटोमॅटिक अपडेटमधून मिळतात, हे सांगायला तो कशाला येईल? काळ्या पडद्याच्या भीतीनं गावचं गाव अपडेट बंद करून बसलंय.

"फॉर्मॅट मारून द्या ना," काका म्हणाले. हे सगळ्यांचं रामबाण औषध. जुन्या सीडीतून एक्सपी पुन्हा टाकायचं म्हणजे तेच भोक पुन्हा उघडायचं, आणि नेट जोडल्यावर पॅच उतरेपर्यंत कॉन्फिकर परत घरात. त्यातून काकांचा मोडेम ब्रिज मोडमध्ये. कॉम्प्युटरवरून डायल केलं की बाहेरचा पत्ता थेट कॉम्प्युटरलाच मिळतो, मधे आडोसा नाही. म्हणून आधी टेलिफोनची वायर काढली. मग सीडीवरून टूल, रीस्टार्ट, पॅच, पुन्हा रीस्टार्ट, ऑटोरन बंद, फायरवॉल चालू. मोडेम राउटर मोडमध्ये टाकला. वायर सगळ्यात शेवटी. क्विक हीलची साइट उघडली तेव्हा काकूंनी चहा आणला.

सकाळी साडेदहा

फोटो लॅब. मुंज, साखरपुडा, पासपोर्ट, सगळ्यांचे पेन ड्राइव्ह इथल्या एकाच काळ्या डब्यात घुसतात. लॅबवाल्यानं नेट कधीच घेतलेलं नाही, म्हणून तो निर्धास्त.

एका गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह मी माझ्या लॅपटॉपला लावला, ऑटोरन थोडा वेळ चालू ठेवून, त्याला दाखवायला. विंडोजची नेहमीची चौकट आली. तीत 'फाइल बघण्यासाठी फोल्डर उघडा' हा इंग्रजी पर्याय दोनदा. दोन्हींवर तेच पिवळं फोल्डर, शब्द तेच. खालचा खरा विंडोजचा. वरचा 'प्रोग्रॅम चालवा' या मथळ्याखाली, तो कॉन्फिकरचा. लॅबवाल्याचं बोट आपसूक वरच्याकडे गेलं. कुणाचंही जाईल.

लपलेल्या फाइली दाखवल्या तर ऑटोरनची फाइल पन्नास-साठ केबीची. इतर वेळी ही दोन-चार ओळींची असते. उघडली तर आत नुसता कचरा, आणि कचऱ्यात दडवलेल्या कामाच्या ओळी. शेजारी 'रीसायकलर' नावाचं फोल्डर. पेन ड्राइव्हवर कचरापेटी नसतेच, हे कुणाच्या लक्षात येतं? आतली फाइल डीएलएल, पण शेपूट भलतंच, व्हीएमएक्स.

लॅबवाला गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे लग्नसराईत मीच वाटला की!"

दुपारी १२

इंदूरला गंगवाल स्टँडवर बस बदलून धार. खिडकीशी ऊन. शेजारचा एक कॉलेजकुमार सांगत होता की हा व्हायरस लिहिणाऱ्याचा पत्ता देणाऱ्याला अडीच लाख डॉलरचं बक्षीस आहे. बातमी खरी, फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलंय. त्याच्या गळ्यात दोरीला पेन ड्राइव्ह लोंबत होता.

दुपारी अडीच

धारचा वाडा. दुसरा बाजीराव इथल्या किल्ल्यात जन्मला, हे आजोबा प्रत्येक आल्यागेल्याला सांगतात, मलाही सांगितलं. वाड्यात दोन भावांची बिऱ्हाडं, एक टेलिफोन, एक मोडेम आणि वायरीनं जोडलेले तीन कॉम्प्युटर.

इथे मोडेम आधीपासून राउटर मोडमध्ये, म्हणजे बाहेरून थेट कुणी शिरलेलं नाही. धाकट्या घरचा मुलगा इंदूरच्या हॉस्टेलवर असतो, होळीला आला तेव्हा प्रोजेक्टसोबत कॉन्फिकर घेऊन आला. एका मशिनवर चढल्यावर बाकीच्या दोन्हींवर नेटवर्कनं गेला. एक धुतलं तरी उरलेली दोन त्याला पुन्हा बाटवणार, म्हणून तिन्हींच्या वायरी एकदम काढायच्या. तिथे वाड्यातल्या काकू आडव्या आल्या.

"तीन वाजता नाशिकची लेक ऑनलाइन येते. साडेतीननंतर काय करायचं ते करा."

"काकू, तेवढ्यात पुन्हा पसरेल."

"होळीपासून पसरलंय ना? आणखी तासभर पसरू दे."

याला उत्तर नव्हतं. जेवलो. श्रीखंड पाडव्याचं उरलेलं, झकास.

पासवर्डची एक गंमत इथेच सापडली. थोरल्या दादांच्या मशिनला पासवर्डच नाही, धाकट्यांचा '१२३४५६'. दादा ओशाळले, खरं तर ओशाळायला धाकट्यांनी हवं होतं. एक्सपीत कोऱ्या पासवर्डच्या खात्यात नेटवर्कवरून शिरताच येत नाही. कॉन्फिकरजवळ मात्र नेहमीच्या पासवर्डांची दोनशेवर यादी आहे, आणि १२३४५६ तीत असणारच. सोपा पासवर्ड ठेवण्यापेक्षा न ठेवलेला बरा, असं एकच ठिकाण मला माहीत आहे.

पावणेचारला वायरी काढल्या. साडेपाचला तिन्ही स्वच्छ.

संध्याकाळी ६

परतीची बस. फोन सारखा वाजतोय. उद्या कॉम्प्युटर लावू का? वायर काढून ठेवू? बँकेतले पैसे जातील? मी सगळ्यांना एकच सांगतो: सीडी घेऊन जा, दहा मिनिटांचं काम आहे. त्यावर 'बघतो' म्हणतात.

(दुसऱ्या दिवशी काही झालं नाही. एक तारखेची थट्टा झाली, मला 'एप्रिल फूल'वाला ठरवलं. बाटलेल्या मशिनांनी आठवडाभरानं हुकूम मिळवला आणि काहींच्या पडद्यावर 'स्पायवेअर प्रोटेक्ट २००९' नावाचा खोटा अँटिव्हायरस पन्नासेक डॉलर मागत उभा राहिला. तेव्हा मात्र 'बघतो'वाले दुकानात रांगेनं आले. पडद्यावर काहीतरी दिसलं होतं ना!)

रात्री ९

देवास, धान्याचे व्यापारी. ओटीवर वह्या, आत टॅली.

"भैया, आज मशीन को हाथ मत लगाना. मार्च एंड है."

बसलो. सीएचा मुलगा बॅकअप घ्यायला आला आणि खिशातून पेन ड्राइव्ह काढला. आजच्या दिवसात तो कुठे कुठे लागला असेल, हे विचारायची सोय नव्हती. मी कोरी सीडी पुढे केली. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी उधारी मागतोय.

शेठजी कानावर पडलेलं विसरत नाहीत. अकराच्या सुमारास म्हणाले, "एक तारीख का लफड़ा है ना? तो घड़ी पीछे कर दो. मशीन में ३१ मार्च ही रहने दो."

व्यापाऱ्याला सुचणारच. पण कॉन्फिकर लिहिणाऱ्यालाही ते आधीच सुचलंय. रोजचे पत्ते काढायला तो तारीख गूगल, याहूसारख्या साइटींवरून घेतो, तुमच्या घड्याळावर विसंबत नाही. शेठजींना हे ऐकून लेखकाबद्दल थोडा आदर वाटला असावा.

पावणेबाराला टॅली बंद झालं. वायर, टूल, रीस्टार्ट, पॅच, रीस्टार्ट. साइट उघडली तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. मी बिलबुक काढून वर १ एप्रिल लिहायला लागलो, तर शेठजींनी पेन धरलं.

"तारीख इकतीस डालो. खर्चा पुराने साल में जाएगा."

बिलावर ३१ मार्च घातली.