नवा साहेब, जुनी माणसं

अमेरिकेत ऑक्टोबर सरत आला, की बेसबॉलचा हंगाम संपतो आणि बेसबॉलमधल्या माणसांना घरी पाठवण्याचा हंगाम सुरू होतो. ज्या संघांनी वर्षभर मार खाल्लेला असतो, त्यांचे मालक जनरल मॅनेजरला निरोपाचं पत्र देतात. कधी मालकच संघ विकून मोकळे होतात. मग नवा माणूस येतो. पत्रकार परिषद होते, संघाची टोपी डोक्यावर चढवून तो फोटो काढून घेतो आणि आता सगळं बदलणार, असं सांगतो. त्याच वेळी कचेरीत आपापल्या टेबलापाशी बसलेली माणसं मनात एकच प्रश्न घोळवत असतात : आपलं काय होणार?

या माणसांना तिकडे ‘फ्रंट ऑफिस’ म्हणतात. मैदानावर ती दिसत नाहीत. कुणी गावोगाव हिंडून पोरांचा खेळ पाहून येणारे ‘स्काऊट’, कुणी आकडेमोड करणारे, कुणी खेळाडूंचे करार लिहिणारे, तर कुणी शिकाऊ खेळाडूंना घडवणारे. नव्या नेतृत्वाने यांना ठेवावं, की सगळी पाटी पुसून आपली माणसं आणावीत? हा वाद बेसबॉलमध्ये दरवर्षी रंगतो. आपल्या घरांत बेसबॉल फारसा कुणी पाहत नाही. मलाही त्याची गोडी लागली ती लेक शिकागोला राहते म्हणून. पण सदतीस वर्षं बँकेत काढलेल्या बाईला हा वाद परका वाटत नाही. नवा साहेब आणि जुनी माणसं ही गोष्ट मी दर तीन वर्षांनी पाहिली आहे. कधी जुन्या माणसाच्या खुर्चीवरून, तर कधी साहेबाच्या.

आधी या धंद्याचं एक मर्म सांगायला हवं. मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत आणि प्रत्येक संघाच्या हाताखाली दुय्यम संघांची उतरंड आहे. या व्यवस्थेला ते ‘फार्म सिस्टिम’, म्हणजे शेतीच म्हणतात. व्हेनेझुएलातला किंवा डोमिनिकन रिपब्लिकमधला सोळा वर्षांचा मुलगा, अमेरिकन शाळेतला अठरा वर्षांचा मुलगा हेरायचा, करारबद्ध करायचा आणि खालच्या संघांतून एकेक पायरी चढवत वर आणायचा. याला चार-पाच वर्षं लागतात, कधी सात-आठ. जनरल मॅनेजरची खुर्ची मात्र एवढा काळ टिकेलच असं नाही. त्यामुळे पेरणारा एक आणि खळ्यावर रास मोजणारा दुसरा, हे इथे नेहमीचंच. आजचा पराभव हा आजच्या माणसांचा नाकर्तेपणा असतोच असं नाही, आणि आजचा विजयही सर्वस्वी आजच्यांचा नसतो. एवढी गोष्ट ध्यानात ठेवली, तरी निम्मा वाद मिटतो.

पिट्सबर्गच्या पायरेट्स संघाचं उदाहरण घेऊ. १९५० च्या अखेरीस तिथे ब्रँच रिकी आले. ब्रुकलिन संघात असताना जॅकी रॉबिन्सनला घेऊन आधुनिक मेजर लीगमधली वर्णभेदाची भिंत पाडणारे हेच ते रिकी. त्यांनी ब्रुकलिनमधली आपली विश्वासू माणसं आणली. त्यांत क्लाईड सुकफोर्थ होते आणि हॉवी हेक नावाचे स्काऊटही होते. एवढं करून झालं काय? १९५२ मध्ये संघ ११२ सामने हरला. १९५५ नंतर रिकींनी कारभार सोडला, तेव्हा पदरात यश असं काहीच नव्हतं. त्यांच्या जागी जो ब्राऊन हे तरुण गृहस्थ आले. रिकींनी आणलेल्या माणसांना त्या वेळी नारळ दिला असता, तरी कुणी बोट दाखवलं नसतं.

पण त्या अपयशी माणसांनी मधल्या काळात एक काम करून ठेवलं होतं. १९५४ मध्ये सुकफोर्थ मॉन्ट्रियलच्या एका गोलंदाजाला, त्यांच्या भाषेत पिचरला, पाहायला गेले होते. तिथे सरावात चेंडू फेकणारा एक वीस वर्षांखालचा पोर्तो रिकन मुलगा त्यांच्या नजरेत भरला. ब्रुकलिनने त्याला दुय्यम संघात ठेवला होता. नियमानुसार असा खेळाडू दुसऱ्या संघाला उचलता येत असे आणि तळाला असलेल्या संघाचा क्रमांक पहिला असे. पिट्सबर्ग तळालाच होतं. त्यांनी ४,००० डॉलर मोजून त्याला घेतलं. त्याचं नाव रॉबर्टो क्लेमेंटे.

१९६० मध्ये पायरेट्सनी बलाढ्य यँकीजना हरवून वर्ल्ड सीरीज जिंकली. त्या संघाकडे पाहिलं, तर एकावर एक चढवलेले तीन थर दिसतात. व्हर्नन लॉ हा रिकी येण्यापूर्वीच, १९४८ मध्ये घेतलेला. क्लेमेंटे आणि शेवटच्या सामन्यात निर्णायक होम रन मारणारा बिल मॅझरोस्की हे रिकींच्या काळातले. हार्वी हॅडिक्स, डॉन होक वगैरे मंडळी ब्राऊन यांनी मिळवलेली. हॉवी हेक तर रिकी गेल्यावरही पुढे तीन दशकं त्याच संघासाठी लॅटिन अमेरिकेतली गावं पायाखाली घालत राहिले. १ सप्टेंबर १९७१ रोजी पायरेट्सनी मेजर लीगच्या इतिहासात प्रथमच सगळेच्या सगळे कृष्णवर्णीय आणि लॅटिन खेळाडू मैदानात उतरवले आणि त्याच वर्षी पुन्हा अजिंक्यपद मिळवलं. साहेबाबरोबर नोकरालाही काढायचं, असा नियम ब्राऊन यांनी लावला असता, तर ही वाट एवढी सरळ झाली नसती.

आता अलीकडचं पाहू. बॉस्टनचा रेड सॉक्स संघ २००२ च्या आरंभी नव्या मालकांनी घेतला आणि ताबा मिळताच जनरल मॅनेजर डॅन ड्युकेट यांना दूर केलं. त्याच वर्षी थिओ एप्स्टिन हा अवघ्या २८ वर्षांचा तरुण त्या जागेवर आला आणि २००४ मध्ये बॉस्टनने ८६ वर्षांनी वर्ल्ड सीरीज जिंकली. एप्स्टिन यांचं कर्तृत्व वादातीत आहे. डेव्हिड ऑर्टिझ आणि कर्ट शिलिंग यांना त्यांनीच आणलं. पण पेद्रो मार्टिनेझ, मॅनी रामिरेझ, जेसन व्हॅरिटेक, डेरेक लो, जॉनी डेमन ही त्याच संघातली नावं ड्युकेट यांच्या खात्यावर जमा आहेत.

पुढे हेच एप्स्टिन २०११ मध्ये शिकागोच्या कब्ज संघात आले. त्यांच्या आधीचे जनरल मॅनेजर जिम हेन्ड्री यांची हकिगत मला बेसबॉलमधल्या कुठल्याही होम रनपेक्षा मोठी वाटते. २०११ च्या जुलैमध्ये मालकांनी त्यांना सांगितलं, की तुमची नोकरी संपली. पण नव्याने निवडलेल्या मुलांशी करार करण्याची मुदत १५ ऑगस्टपर्यंत होती. हेन्ड्रींनी ही गोष्ट मनातच ठेवली आणि जवळजवळ महिनाभर, जणू काहीच घडलेलं नाही अशा थाटात, त्या मुलांचे करार पुरे केले. ज्या संघाचं भविष्य आपण पाहणार नाही, त्याच्यासाठी. त्या मुलांत हावियेर बाएस होता. २०१६ मध्ये कब्जनी १०८ वर्षांनी अजिंक्यपद मिळवलं, तेव्हा शेवटच्या सामन्यात बाएसने होम रन मारली. त्याच सामन्यात चमकलेला विल्सन कॉन्ट्रेरास हाही २००९ मध्ये, हेन्ड्रींच्याच काळात, व्हेनेझुएलातून आलेला. त्या सुमारास मी रजा घेऊन लेकीकडे गेले होते. सारं शहर निळे टी-शर्ट घालून रस्त्यावर उतरलं होतं. त्या गर्दीत हेन्ड्रींचं नाव मात्र माझ्या कानावर पडलं नाही.

कब्जच्या मालकांनी आणखी एक गोष्ट केली होती. एप्स्टिन येण्यापूर्वीच त्यांनी खेळाडू घडवण्याच्या विभागाचे प्रमुख ओनेरी फ्लेइटा यांचा करार चार वर्षांनी वाढवला. पुढच्याच ऑगस्टमध्ये फ्लेइटांना काढण्यात आलं. म्हणजे नव्या कारभाऱ्याच्या गळ्यात जुनी माणसं बांधून दिली, तरी ती टिकतात असं नाही. ठेवायचं की नाही, हा निर्णय ज्याला काम करून घ्यायचं आहे, त्यालाच घेऊ द्यावा लागतो.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. आमच्या सरकारी बँकांत साहेबाला माणूस काढता येत नसे. फार तर बदली. त्यामुळे ‘सगळ्यांना ठेवा’ या धोरणाची फळं मी चाखलेली आहेत. एका तालुक्याच्या शाखेत मी चार्ज घेतला, तेव्हा तिथल्या दप्तरीला अख्ख्या तालुक्याची विहीर न् विहीर ठाऊक होती. थकलेल्या पीककर्जांची यादी समोर ठेवली, की तो बोट ठेवून सांगायचा, “बाई, हा पाऊस पडला की देईल. ह्याच्या दारी मात्र आजच जा.” ही माहिती कुठल्याच रजिस्टरात नव्हती. त्याच शाखेत एक ज्येष्ठ कारकूनही होते. दस्तऐवज कुठे ठेवलेत हे ते कुणाला कळू देत नसत, कारण तीच त्यांची सत्ता होती. जुनेपणा दोघांचा सारखाच. एकाचा शाखेला आधार होता आणि दुसऱ्याचा शाखेला जाच. तेव्हा जुना तो चांगला किंवा जुना तो टाकाऊ, ही दोन्ही गणितं आळशी माणसाची आहेत.

टॅम्पा बेच्या संघाने याचा मध्यम मार्ग दाखवला. पहिल्या १० हंगामांत ९ वेळा हा संघ आपल्या गटात तळाला राहिला होता. २००५ च्या अखेरीस वॉल स्ट्रीटवरून आलेल्या तरुणांनी कारभार हाती घेतला. आर्थिक कंपनीतून आलेले अँड्र्यू फ्रिडमन तेव्हा २८ वर्षांचे होते. वरची माणसं बदलली, हे खरं. पण फ्रिडमननी ह्यूस्टनचे माजी जनरल मॅनेजर, अनुभवी गेरी हन्सिकर यांना आपल्या शेजारी बसवलं आणि स्काऊट विभागाची धुरा आर. जे. हॅरिसन या संघातल्याच जुन्या माणसाकडे दिली. २००८ मध्ये तो संघ वर्ल्ड सीरीजपर्यंत पोचला.

सगळी माणसं आपलीच असण्यात एक निराळा धोका आहे, आणि त्याचा धडा ह्यूस्टनकडून मिळतो. २०११ च्या अखेरीस नव्या मालकांनी जुने वरिष्ठ दूर केले आणि जेफ लूनाऊ यांना आणलं. पुढे जुने स्काऊट गेले, आकडेवाले आले. २०१७ मध्ये ह्यूस्टनने वर्ल्ड सीरीज जिंकली. त्यातला होसे अल्टुवे हा २००७ मध्ये फक्त १५,००० डॉलरला घेतलेला, उंची कमी म्हणून आधी परत पाठवलेला मुलगा. जॉर्ज स्प्रिंगर आणि डॅलस कायकल हेही आधीच्या राजवटीतलेच. पुढे उघड झालं, की त्या हंगामात ह्यूस्टनचे खेळाडू कॅमेऱ्यावरून प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा टिपत आणि कचऱ्याचा डबा बडवून फलंदाजाला इशारा देत. जानेवारी २०२० मध्ये लूनाऊ निलंबित झाले आणि त्याच दिवशी त्यांची नोकरी गेली. आपल्याला याची कल्पना नव्हती, असं त्यांचं म्हणणं होतं. पण मेजर लीगच्या आयुक्तांनी आपल्या अहवालात त्या विभागातल्या बंदिस्त वातावरणावर कडक ताशेरे ओढले. जुनं माणूस राहिलं असतं तर हे टळलंच असतं, असं मी म्हणणार नाही. पण ज्या कचेरीत सगळेच एका माणसाचे उपकृत असतात, तिथे ‘साहेब, हे बरं नव्हे’ म्हणणारा आवाज क्षीण होतो, हे कुठल्याही ऑडिटरला विचारा.

आणि माणूस काढायचाच, तर कसा? २०१७ मध्ये मायामीचा संघ डेरेक जीटर आणि त्यांच्या भागीदारांकडे गेला. व्यवहार पुरा होण्याआधीच चार ज्येष्ठ सल्लागारांना घरी पाठवायचं ठरलं. त्यांत आंद्रे डॉसन आणि टोनी पेरेझ हे हॉल ऑफ फेममधले खेळाडू होते आणि २००३ चं अजिंक्यपद मिळवून देणारे जॅक मॅककिओनही होते. हा निरोप सांगण्याचं काम जीटर यांनी मावळते अध्यक्ष डेव्हिड सॅमसन यांच्यावर सोपवलं, अशा बातम्या तेव्हा आल्या. खर्च वाचवण्याचा हक्क नव्या मालकाला आहे. पण असा निरोप दुसऱ्याच्या तोंडून गेला, की कचेरीत उरलेली माणसं त्याच दिवशी आपापले अर्ज टाइप करायला घेतात.

माझं मत विचाराल, तर ते साधं आहे. वरची दोन-तीन माणसं नव्याने स्वतःची आणावीत. त्यांच्यावर विश्वास नसेल तर राज्य चालत नाही. बाकीच्यांना एक पूर्ण हंगाम द्यावा. त्या वर्षात प्रत्येकाला समोर बसवून दोन प्रश्न विचारावेत : तुम्हाला असं काय ठाऊक आहे, जे कागदावर नाही? आणि तुमचं कुणी ऐकलं नाही, अशी गोष्ट कोणती? पहिल्या उत्तरातून दप्तरी सापडतो आणि दुसऱ्यातून आधीच्या साहेबाच्या चुका. ज्याच्याकडे दोन्हींचं उत्तर नाही, त्याला वर्षअखेरीस स्वतःच्या तोंडाने, हिशेब चोख करून, निरोप द्यावा. आणि पाच-सात वर्षांनी चषक हाती आला, तर व्यासपीठावर उभं राहून, हे बी कुणी पेरलं होतं, त्याचं नाव घ्यावं. त्याला खर्च काहीच येत नाही. पगारपत्रकावर नसलेल्या माणसाचं देणं फेडायला मात्र दानत लागते.