दिवे हिरवे, तरी बिल निघेना

मालाची गाडी भरून दारात उभी आहे, ड्रायव्हर घाई करतो आहे आणि ई-वे बिल निघत नाही. आमच्या भिवंडी-मालेगावच्या कापडवाल्या बांधवांना हा प्रसंग नवा नाही. २०१८ पासून ५० हजारांवर किमतीचा माल परराज्यात पाठवायचा तर हे बिल लागतेच. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर तेवढी वेळ निभावते, पण मग राग निघतो तो सिमकार्डवाल्या मोडेमवर आणि नवा आणण्याची भाषा सुरू होते. आम्ही म्हणतो, खिशात हात घालण्याआधी दोष कोठे आहे ते पाहा.

आधी रिचार्ज संपला नाही ना, हे बघावे. हसू नका, बरेचदा तेच निघते.

या जोडणीचे दोन टप्पे असतात. कॉम्प्युटर ते मोडेम आणि मोडेम ते कंपनीचा टॉवर. वायफायची खूण भरलेली दिसते ती फक्त पहिल्या टप्प्याची, आणि बहुतेक जण येथेच फसतात. कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजीत 'पिंग' लिहावे आणि पुढे मोडेमचा पत्ता द्यावा. तो मोडेमच्या खालच्या चिठ्ठीवर असतो, बहुधा १९२.१६८.१.१ असा. उत्तर आले तर पहिला टप्पा ठीक. मग ८.८.८.८ हा गूगलचा पत्ता देऊन तेच करावे. तेथूनही नीट उत्तर येते, दुसऱ्या साइट उघडतात, पण बिलाची उघडत नाही, तर मोडेम निर्दोष आहे. उत्तरे मधूनमधून गळत असतील तर दुसरा टप्पा तपासावा.

मोडेमचा तोच पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की त्याचे पान उघडते. त्यात 'आरएसआरपी' नावाचा आकडा शोधावा. तो वजा असतो. उणे ८० उत्तम, उणे १०० कमजोर, उणे ११० च्या खाली गेला की जोडणी तुटू लागते. लूमच्या पत्र्याच्या शेडमध्ये हा आकडा हमखास घसरतो, कारण लोखंडी पत्रा लहरी अडवतो. मोडेम टेबलावर, खिडकीत, माळ्यावर असा ठेवून प्रत्येक ठिकाणी मिनिटभर थांबावे आणि आकडा कागदावर लिहून घ्यावा. चार हात सरकवल्यानेही फरक पडतो. आकडा चांगला असून गती फक्त संध्याकाळी मंदावत असेल, तर टॉवरवर गर्दी आहे. नवा मोडेमही तेथे काही करू शकणार नाही.

शेवटी तेच सिम फोनमध्ये घालून त्याच जागी चालवावे. फोनमध्ये चालले आणि मोडेममध्ये नाही, तरच मोडेम घेऊन दुकानात जावे, आणि आकड्यांचा तो कागदही सोबत न्यावा.